यशवंतअण्णांचे नट

परवा माझ्या नातीच्या मोटरसायकलचा आरसा गेला. हो, नात मोटरसायकल चालवते आणि मी मागे बसते; बघणाऱ्यांनी खुशाल बघावं. गाडी घराखालीच उभी होती. सकाळी पाहिलं तर डाव्या बाजूला आरशाच्या जागी नुसतं भोक. नात फोनवर दहा जणांना कळवत होती, शेजारचे कॅमेऱ्यात बघू म्हणत होते, आणि मी आपली गुडघे धरून वाकले आणि हँडलखाली बोटं फिरवली.

"अज्जी, काय शोधतेस?"

"नट जागेवर आहे का बघते."

"नट घेऊन काय करायचाय? आरसा गेलाय!"

नट जागेवर नव्हता. गटाराच्या झाकणाशी पडला होता, त्याच्या कडा पकडीने चेचलेल्या. मला हायसं वाटलं. परका चोर होता.

नट बघून चोर ओळखायची ही विद्या माझी नाही, यशवंतअण्णांची. त्यांनी मला ती शिकवली तीही फार उशिरा, सगळं होऊन गेल्यावर. तेव्हा मी तरुण होते. चौसष्ट वर्षांची. आता एकाहत्तराव्या वर्षी त्या तरुण बाईकडे बघते तेव्हा तिला खिडकीतून खाली ढकलावंसं वाटतं.

चामराजपेटेत आमच्या घरासमोरच अण्णांचं घर. आमच्यासारखंच जुनं मराठी घराणं. कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर. तुमच्या घरी कॉफीला आले की एक घोट घेत आणि कुकरच्या मुठीकडे बघत. दुसरा घोट घेईपर्यंत मूठ घट्ट झालेली असे. माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि अण्णा दिसेनात. शोधलं तर मागच्या ओळीत गुडघ्यावर बसून भाड्याच्या खुर्च्यांचे स्क्रू आवळत होते. म्हणाले, "अक्का, तुमच्या व्याह्यांची खुर्ची डुगडुगत होती. शुभकार्यात माणूस पडायला नको." मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणत.

त्यांचा एक नेम होता. एखादा भाग काढला आणि लगेच परत बसवायचा नसला, तरी त्याचे नट वायसरसकट पुन्हा आपल्या दांड्यावर चढवून ठेवायचे. बोटाने, दोन आटे. "नट पोरका ठेवू नये," असं ते म्हणत. टूलरूममध्ये हाताखालच्यांना हेच पहिल्या दिवशी शिकवत. घरी मुलाला, दीपकला, हेच शिकवलं. दीपक लहानपणी माझ्या घरी खेळायला आला तर बाटलीचं बूच काढून पाणी प्यायचा आणि बूच पुन्हा लावून जायचा. मला कौतुक वाटायचं. वळण आहे हो पोराला, म्हणायचे.

अण्णांची मोटरसायकल म्हैसूरला तयार झालेली, दोन सायलेन्सरांची, चॉकलेटी. तिची गंमत अशी की किक आणि गिअर एकाच दांडीने. ती दांडी वर उभी करून किक मारायची, आणि गाडी बोलायला लागली की तीच खाली पाडून गिअर टाकायचा. दारासमोरच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली ती उभी असे. सकाळी सातला तिचा आवाज झाला की गल्लीतले लोक दुधाच्या पिशव्या आत घेत. शांताक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यावर अण्णा रोज सकाळी गाडीवर एक चक्कर मारत. कुठे जाता विचारलं तर म्हणत, "कुठे नाही. तिला फिरवून आणतो." ही 'तिला' गाडी की शांताक्का, ते मी कधी विचारलं नाही. भोचक होते, पण इतकी नव्हते.

चोरीची सुरुवात आरशापासूनच झाली. अण्णा ठाण्यात गेले. तिथला माणूस त्यांना म्हणाला, "सार, आरसा गेला तर पुढचं बघून चालवा. मागचं बघून या वयात काय करायचंय?" घरी येऊन अण्णांनीच हे हसत सांगितलं. पण तासभर ते रस्त्यावर वाकून फिरत होते. शेवटी गटाराशी नट सापडला. चेचलेला. तो त्यांनी मला आणून दाखवला, जखमी चिमणी दाखवावी तसा. "बघा अक्का, पकडीने पिरगळलाय. दहा नंबरचा पाना असता तर दोन मिनिटांत निघाला असता. चोराला कामच येत नाही."

त्यांना चोरीपेक्षा ते जास्त लागलं होतं. मी म्हटलं, "कॅमेरा बसवा." मग लगेच म्हटलं, "नाही तर राहू द्या. मी आहे ना खिडकीत. कॅमेऱ्याला काय कळतं?"

हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मला ते रोज आठवतं.

पुढच्याच महिन्यात अण्णा मार्केटजवळ गाडीसकट घसरून पडले. मनगट मोडलं. प्लास्टर शर्टाच्या बाहीत लपवून आठवडाभर हिंडले. बाही फुगलेली बघून मीच दीपकला फोन केला. दीपक इंदिरानगरला, मोठ्या ऑफिसात, नवव्या मजल्यावर फ्लॅट. तो आला आणि दारातच बापलेकांची जुंपली. तो म्हणत होता अप्पा आता गाडी बस्स, माझ्याकडे चला.  अण्णा एकदम टाकीवर हात ठेवून म्हणाले, "ही गाडी ज्या दिवशी चालू होणार नाही, त्या दिवशी मी तुझ्याकडे येईन. शब्द देतो. तोवर हा विषय नको."

दीपक म्हणाला, "शब्द?"

"शब्द."

अर्ध्या गल्लीने ऐकलं. मला तेव्हा वाटलं, अण्णा जिंकले. ती गाडी कधी बंद पडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. अण्णांचे हात होते, आणि वर नंजुंड होता. नंजुंड म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. तीस वर्षं अण्णांच्या गाडीला त्या दोघांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. या गाडीचे भाग आता दुकानात मिळत नाहीत. नंजुंड गुजरीत, म्हणजे भंगारच्या बाजारात, दिवस दिवस हिंडून ते आणत असे. दोघं गाडीशेजारी उकिडवे बसत आणि तासभर एक शब्द न बोलता काम करत. अण्णांनी नुसता हात पुढे केला की नंजुंड हवा तोच पाना हातात ठेवी.

आयुधपूजेच्या आधी हॉर्न गेला. शनिवारी अण्णा पायी मारुतीला गेले होते, अकराला परत येऊन बघतात तर हॉर्न नाही. या वेळी ते रस्त्यावर शोधायला गेले नाहीत. गाडीपुढे बसले, हॉर्नच्या जागी बोट फिरवलं, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

मी खिडकीतून ओरडले, "ठाण्यात जाऊन या!"

"नको."

"अहो, आरशासाठी गेलात—"

"बिडी अक्का," ते म्हणाले. सोडा, जाऊ द्या. खाली मान घालून घरात गेले. आरशासाठी ठाण्यात गेलेला माणूस हॉर्नसाठी का जात नाही, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या बाईला पडला असता. मला पडला नाही. मी पहारा देत होते ना.

आयुधपूजेला त्यांनी नेहमीसारखी गाडी धुतली, झेंडू बांधला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि एकेका भागाला कुंकू लावत निघाले. आरशाच्या भोकाला लावलं. हॉर्नच्या रिकाम्या जागेलाही लावलं. मला हसू आलं. "अण्णा, नसलेल्याची पण पूजा?"

"होतं ना इथे," ते म्हणाले.

हॉर्नच्या जागी त्यांनी रबरी भोंगा बसवला. पों पों करत चक्कर सुरूच राहिली. दिवाळीनंतर बॅटरी गेली. पुन्हा शनिवार, पुन्हा मारुतीची वेळ. संध्याकाळपर्यंत नंजुंडने दुसरी बॅटरी बसवून दिली. त्या दिवशी काम करता करता तो म्हणाला, "अण्णा, कार्बुरेटरला जपा हं. ऑफिसातली पोरं आता जुन्या गाड्या सजवतात. हा कार्बुरेटर म्हणजे सोनं झालाय."

मी वर खिडकीत कान टवकारले. सोनं म्हणाला. मनात नोंद केली.

मग डिसेंबर आला, अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, दिवस. शनिवारी सकाळी मी खिडकीत बसून अवरेकाई सोलत होते. खाली दीपक दिसला. हल्ली तो शनिवारी येत असे, अण्णांची औषधं ठेवायला. वेळ मात्र नेमकी अण्णा देवळात असतानाची. बिचाऱ्याला सवड तेव्हाच मिळत असेल, असं मला वाटायचं. गाडीशेजारी बसून तो काहीतरी पुसत होता. हात तेलाने काळे झाले होते. मला भरून आलं. बापाशी भांडतो, पण बापाची गाडी पुसतो.

"मावशी," त्याने वर बघून हाक मारली, "एखादी जुनी पिशवी असेल का?"

मी लगेच दिली. मुलाच्या लग्नात पाहुण्यांना नारळ-तांबूल घालून दिलेल्या पिशव्यांतली उरलेली एक, त्याचं आणि सुनेचं नाव छापलेली. वरून खाली टाकली. त्याने झेलली. "थँक्स मावशी," म्हणाला. मी त्याला अवरेकाईचं सारू खायला ये म्हटलं.

अकराला अण्णा परत आले. कार्बुरेटर नव्हता.

तासाभरात नंजुंड आला. अण्णांनीच निरोप पाठवला होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, कपाळाला भस्म. तो गाडीशी वाकतोय तोवर मी अवरेकाईची परात टाकून खाली पोचले होते. चौसष्ट वर्षांची तरुणी, काय तो आवेश!

"तूच म्हणालास ना, सोनं झालाय म्हणून?"

"काय म्हणता अक्का?"

"मी रोज खिडकीत असते. परका माणूस इथे फिरकत नाही. कुठला भाग कसा काढायचा, कुठे खपतो, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत?"

"अक्का, स्वल्प ऐका तरी—"

मी ऐकलं नाही. त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि रस्त्यात उलटी केली. पाने पडले, प्लग पडले, तारेचं भेंडोळं पडलं. शेवटी जेवणाचा डबा पडला, त्याचं झाकण उघडलं आणि चित्रान्न रस्त्यावर सांडलं. पिवळा भात, शेंगदाणे, कढीपत्ता. कार्बुरेटर नव्हता.

लोक जमले होते. नंजुंडने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो अण्णांकडे बघत राहिला. अण्णा टाकीवर हात ठेवून उभे होते. ओठ हलले असं मला वाटलं. पण शब्द आला नाही.

नंजुंड खाली बसला. एकेक पाना उचलून, धोतराला पुसून, नंबराप्रमाणे त्याने पिशवीत भरला. रिकामा डबाही उचलला. भात तिथेच ठेवून निघून गेला. दुपारी कावळे आले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कार्बुरेटर मीच विकला. नंजुंडचा काही संबंध नाही." लोकांनी एकमेकांकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं. म्हातारा चळला, मुलाकडे गेलेला बरा. मग अण्णा नंजुंडच्या दुकानात गेले. तिथे काय झालं ते मला त्याच्या शेजारच्या फुलवालीने सांगितलं. नंजुंड म्हणाला होता, "तुम्ही विकला नाही, अण्णा. तुम्ही तो कधी विकणार नाही. पण अक्कांनी माझी पिशवी उलटी केली तेव्हा तुम्ही तिथे होता." बस, एवढंच. त्या गाडीला त्याने पुन्हा हात लावला नाही. आणि नंजुंडशिवाय गुजरीतून तो कार्बुरेटर कोण आणणार?

पंधरा दिवस अण्णा रोज सकाळी सातला येऊन गाडीजवळ उभे राहत. सोळाव्या दिवशी दीपक त्यांना घेऊन गेला. शब्द म्हणजे शब्द. गाडी कुणा हौशी माणसाने टेम्पोत घालून नेली. होंगेखाली तेलाचा एक काळा डाग उरला.

उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला इंदिरानगरला गेले. नववा मजला. दीपक आणि सून ऑफिसात. अण्णांनी दार उघडलं. शर्ट तोच, खिशात स्क्रूड्रायव्हर तोच. मला बसवून म्हणाले, "अक्का, या घरात एकसुद्धा स्क्रू दिसत नाही. सगळं आतून बसवलंय. घट्ट करायला काहीच नाही."

मी हसले. ते आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. धुतलेली, इस्त्री केलेली, चार घड्यांची. वर माझ्या मुलाचं आणि सुनेचं नाव.

"तुमची परत द्यायची राहिली होती."

मला कळायला वेळ लागला. 

"यात आणलं होतं त्याने," अण्णा म्हणाले. "मी इथे आलो त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्यापुढे ठेवलं. हॉर्न, बॅटरी, कार्बुरेटर. सगळं तेल लावून, कागदात गुंडाळून. म्हणाला, अप्पा, काही टाकलं नाही, जपून ठेवलंय. तुमच्या भल्यासाठी केलं, पुन्हा पडला असता तर? चांगला मुलगा आहे."

"तुम्हाला तेव्हा कळलं?"

"हॉर्न गेला त्या दिवशीच. नट जागेवर होता. वायसरसकट, बोटाने दोन आटे." त्यांनी हवेतच दोन वेळा बोट फिरवून दाखवलं. "मीच शिकवलं होतं. परका माणूस कशाला चढवेल? कार्बुरेटरचेही दोन्ही जागेवर होते."

"म्हणजे मी नंजुंडची पिशवी उलटी केली तेव्हा—"

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गल्लीत माझा मुलगा चोर ठरला असता. म्हटलं, आता नको, मग सांगू. तेवढ्यात नंजुंड ठरला." मग म्हणाले, "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं."

मला रडायला यावं असं वाटत होतं, पण आलं नाही. पिशवी मांडीवर ठेवून बसून राहिले. घरी परतल्यावर मी नंजुंडच्या दुकानात गेले, तेही सांगून टाकते. त्याने स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगितलं. "सरी अक्का," म्हणजे बरं, एवढंच म्हणाला, आणि समोरच्या स्कूटरची चेन काढायला लागला. चहाचंसुद्धा विचारलं नाही. मी उठले तेव्हाही मान वर केली नाही.

पण अण्णा मला शेवटचे दिसले ते इंदिरानगरच्या त्या भेटीच्याच दिवशी, त्यांच्या बिल्डिंगच्या तळघरात. मला रिक्षापर्यंत पोचवायला ते खाली आले होते. तळघरात मोटरसायकलींची रांगच्या रांग. अण्णांची चाल तिथे हळू झाली. एकेका गाडीवर हात फिरवत निघाले. एका काळ्या गाडीपाशी थांबले, वाकले. आरशाचा नट सैल होता. ते बोटाने फिरवायला लागले.

"ओ अंकल! क्या खोल रहे हो?"

पहारेकरी होता, नवाच. अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, मी खोलत नाही, घट्ट करतोय. त्याला कन्नड येत नव्हतं. "इधर रोज चोरी होता है," तो म्हणाला. "जेब दिखाओ."

ज्या माणसाच्या कित्येक पिढ्या या गावात गेल्या, त्याला या गावात खिसा दाखव म्हणत होते. मी तोंड उघडलं. माझं तोंड कुणासाठी कधी बंद राहिलं होतं? पण अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"बिडी अक्का. बघू दे त्याला."

आणि त्यांनी स्वतःच खिसे उलटे केले. हातरुमाल, घराची किल्ली, स्क्रूड्रायव्हर. आणि दोन नट, वायसरसकट. स्क्रूड्रायव्हर बघून पहारेकऱ्याची खात्रीच पटली. गाडी लावायला आलेले दोघंचौघं थांबून बघू लागले. अण्णा मान खाली घालून, उलटे खिसे बाहेर लोंबत, शांत उभे होते.  मला तो रस्ता दिसला, तो पिवळा भात दिसला.

शेवटी कुणीतरी ओळखलं, नवव्या मजल्यावरच्या साहेबांचे वडील म्हणून. पहारेकऱ्याने नट परत दिले. स्क्रूड्रायव्हर दिला नाही. तळघरात हत्यार चालत नाही, असा नियम होता.

रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. अण्णा त्याच काळ्या गाडीजवळ उभे होते. एक हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत ते दोन नट होते.